हाडाचं विरजण

डॉक्टरांनी नळी दिव्याच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "बाई, हे बघा."

मी खुर्चीत आडवी होते, उजवा गाल बधिर झालेला, तरी मान उचलून बघितलंच. बारा मिनिटांपूर्वी माझ्याच हातातून काढलेलं रक्त होतं ते. काढलं तेव्हा सगळं एकसारखं गडद लाल होतं. कोपऱ्यातल्या यंत्रात ते गरगर फिरलं आणि बाहेर आलं तेव्हा त्याचे तीन थर झाले होते. तळाला लाल, वर गव्हाळ रंगाचं पाणी आणि मधोमध खरवसाच्या वडीसारखं काहीतरी. पिवळसर, थुलथुलीत, किंचित चकाकणारं. डॉक्टरांनी चिमट्यानं ती वडी अलगद बाहेर ओढली, खालची लाल शेपटी कात्रीनं कापली, वडी भोकाभोकांच्या स्टीलच्या डबीत ठेवली आणि वरून झाकण दाबलं. पाणी निथळून गेलं. झाकण उघडलं तर आत एक पापुद्रा! ओला, चिवट, चिमट्यात धरून ताणला तरी न फाटणारा.

"ह्यात तुमच्या प्लेटलेट अडकल्यात बाई. जखम झाली की ह्याच पेशींतून वाढीची प्रथिनं बाहेर पडतात. आता हे आपण दाढेच्या खड्ड्यात ठेवायचं. तिथं हाड भरून येईल."

हाड भरून येईल. किती साधेपणानं म्हणाला तो! हा मुलगा आठवीत माझ्या वर्गात होता, तिसऱ्या बाकावर बसायचा आणि शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करायचा. आता साताऱ्यात त्याचा दवाखाना आहे, आणि तो मला सांगत होता की नसलेलं हाड उगवून येतं. मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. 'हाडाचा शिक्षक', 'हाडाची काडं करणं', 'हाडीमासी खिळलेलं' हे सगळं फळ्यावर लिहिलं, वाक्यात उपयोग करून दाखवले. पण हाड म्हणजे काय हे मला साठाव्या वर्षी त्या खुर्चीत पहिल्यांदा कळायला लागलं, आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही.

झालं होतं असं. खालची एक दाढ मुळापासून तडकली होती. आत पू धरला होता आणि त्यानं भोवतालचं हाड खाऊन टाकलं होतं. दाढ काढावीच लागली. तिच्या जागी पुढे टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, तर त्याला धरायला हाड हवं. म्हणून हा खटाटोप. आदल्या आठवड्यात त्यानं विचारलं होतं, "बाई, तुम्ही शाकाहारी ना? हाड भरायचे काही दाणे गायीच्या हाडापासून केलेले असतात. तुम्हाला चालणार नसतील तर प्रयोगशाळेत बनवलेले वापरू. आणि वरून झाकायला प्राण्याच्या कोलॅजनचा पडदा घ्यायच्याऐवजी तुमच्याच रक्ताचा करू." त्यानं हे आवर्जून विचारलं, त्याचं मला फार बरं वाटलं.

ते दाणे मी हातात घेऊन बघितले, म्हणजे त्यांची सीलबंद कुपी. जाडसर रव्यासारखे पांढरे कण. कॅल्शियम आणि फॉस्फेटची ही भाजलेली माती, आपल्या हाडातल्या खनिजाची सख्खी चुलत बहीण. काचेच्या वाटीत ते कण, त्यात खरवसाच्या वडीचे बारीक तुकडे आणि वरचं गव्हाळ पाणी घातल्यावर दोनचार मिनिटांत सगळं मिळून आलं. लाडू वळता येईल असं! त्यानं चिमट्यानं उचललं तेव्हा एकही दाणा सुटून पडला नाही. मग खड्ड्यात भरण्याआधी त्यानं खड्ड्याच्या भिंती खरवडल्या, चांगल्या करकरून, रक्त येईपर्यंत. मला वाटलं साफसफाई चाललीय. ती साफसफाई होतीच, पण तेवढीच नव्हती. ते मला पुढे कळलं, आणि कळलं त्या रात्री मी झोपले नाही.

घरी आले, गालावर बर्फ धरला आणि भाचीला फोन लावला. ती पुण्यात जीवरसायनशास्त्र शिकते. बधिर तोंडानं तिला विचारलं, "हाड कसं गं उगवतं?" ती म्हणाली, "मावशी, तू युरिस्टपासून सुरू कर."

मार्शल युरिस्ट. लॉस एंजेलिसला कॅलिफोर्निया विद्यापीठातले अस्थिशल्यविशारद. हाड कडक कसं होतं, त्यात कॅल्शियम कसं साठतं, ह्याचा ते शोध घेत होते. त्यासाठी त्यांनी हाडाचे तुकडे हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवले आणि त्यातलं खनिज विरघळवून टाकलं. उरली ती मऊ, रबरासारखी चौकट. ही मेलेली चौकट त्यांनी ससे, उंदीर आणि गिनीपिग यांच्या स्नायूंत ठेवली. स्नायूत, लक्षात घ्या! जिथं हाडाचा काही संबंध नाही, अशा मांसल जागी. आणि काही आठवड्यांनी तिथं नवं हाड तयार झालेलं होतं. नुसता चुन्याचा खडा नव्हे. जिवंत हाड, आत मज्जा असलेलं! १९६५ साली 'सायन्स' नियतकालिकात त्यांनी हे छापलं. हाड देणारा प्राणी मेलेला, हाडातल्या पेशी मेलेल्या, खनिज धुऊन गेलेलं, तरी त्या चौकटीत काहीतरी शिल्लक होतं, जे शेजारच्या मांसातल्या पेशींना सांगत होतं, 'हाड व्हा.' त्या 'काहीतरी'ला १९७१ मध्ये त्यांनी नाव दिलं, बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन. म्हणजे हाडाला आकार देणारं प्रथिन. सगळे बीएमपी म्हणतात.

मला लगेच विरजण आठवलं. पातेलंभर दूध आणि चमचाभर दही. पण विरजणात जिवंत जंतू असतात, इथं तर जिवंत काहीच नव्हतं. नुसता निरोप होता. निरोप देणारा गेला, निरोप राहिला, आणि ज्याला मिळाला त्यानं तो पाळला. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगते.

ती चौकट मला डोळ्यांनी बघायची होती. आमच्या घरात मांस शिजत नाही, म्हणून शेजारच्या वहिनींकडून कोंबडीच्या तंगडीचं हाड मागून आणलं, स्वच्छ धुतलं आणि बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. थोड्या वेळानं त्याच्यावर बारीक बुडबुडे धरले. दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदललं. आठव्या दिवशी बाहेर काढलं आणि दोन बोटांत धरून वाकवलं, तर ते वाकलं! न मोडता, धनुष्यासारखं, आणि सोडल्यावर सरळ झालं. वहिनींचा सहावीतला मुलगा तर ते हातातून सोडायलाच तयार नव्हता. आकार तसाच, टोकाचे गोळे तसेच, फक्त कडकपणा गेलेला. मी ते तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बसले. युरिस्टांच्या हातात जे होतं ते असंच दिसत असणार, आणि ह्याच मऊ दोरखंडात, कोलॅजनच्या धाग्यांत, तो निरोप गुंडाळून ठेवलेला असतो.

आता ह्या गोष्टीतला मला सगळ्यात प्रिय झालेला भाग. हरी रेड्डी हे भारतात जन्मलेले, दिल्ली विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन अमेरिकेत गेलेले जीवरसायनशास्त्रज्ञ. शिकागोला ते चार्ल्स हगिन्स यांच्याबरोबर काम करत होते. हगिन्स म्हणजे कर्करोगावरच्या संप्रेरक-उपचारांसाठी १९६६ चं नोबेल मिळालेले. दोघांनी तीच खनिज काढलेली हाडाची पूड उंदरांच्या कातडीखाली ठेवली आणि रोज काय घडतं ते टिपलं. तिसऱ्या दिवशी पुडीभोवती पेशींची गर्दी होते. सातव्या दिवसापर्यंत त्या पेशी कूर्चा बनतात, आपल्या कानाच्या पाळीच्या वर असते ना, तशी लवचीक कूर्चा. नवव्या दिवशी तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात. दहाव्या ते बाराव्या दिवसात हाड धरायला लागतं. आणि एकविसाव्या दिवशी कातडीखाली एक छोटं, पूर्ण हाड तयार असतं, आत लाल मज्जेनं भरलेलं, जिथं रक्त तयार होतं!

एकवीस दिवस. आधी कूर्चा, मग हाड, मग मज्जा. गर्भात बाळाचे हातपाय असेच तयार होतात, ह्याच क्रमानं. म्हणजे उंदराच्या कातडीखाली गर्भाशयातला धडा पुन्हा पहिल्या ओळीपासून गिरवला जातो. शरीर तो विसरलेलं नसतं. पुस्तक मिटलेलं असतं एवढंच.

मग रेड्डी अमेरिकेच्या राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेत गेले (दातांच्या संस्थेत, हे वाचून मी माझ्या सुजलेल्या गालावरून हात फिरवला), आणि तिथं त्यांनी आणि कुबेर संपत यांनी १९८१ मध्ये जो प्रयोग केला तो इतका सुबक आहे की मी तो भेटेल त्याला सांगते. भाजीवाल्या मावशींनासुद्धा सांगितला. त्यांनी हाडाच्या पुडीतून एका तीव्र रसायनानं विरघळणारा भाग वेगळा काढला. एकीकडे विरघळलेली प्रथिनं, दुसरीकडे उरलेला कोलॅजनचा चोथा. नुसती प्रथिनं उंदरात ठेवली, तर हाड नाही. नुसता चोथा ठेवला, तरी हाड नाही. दोन्ही पुन्हा एकत्र करून ठेवले, तर हाड! निरोप एकटा वाऱ्यावर उडून जातो आणि कोलॅजन एकटं मुकं असतं. दोडक्याचं बी आणि मांडव. मांडवावाचून वेल जमिनीवर लोळून कुजतो आणि बियांवाचून मांडव म्हणजे नुसत्या काठ्या. आज दवाखान्यात जे काही हाड भरायचं म्हणून वापरतात, ते दाणे, स्पंज, जाळ्या, छापील साचे, त्या सगळ्यांत हीच जोडी शोधावी. दाणा मांडव आहे, प्रथिन बी.

भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "मग वेल वर गेल्यावर मांडवाचं काय?" केवढा नेमका प्रश्न! ह्या शास्त्रातले लोक रात्रंदिवस ह्याच प्रश्नावर काम करतात. माझे दाणे हळूहळू विरघळणारे होते. हाड आत शिरत जातं तसा मांडव सुटत जातो. फार लवकर विरघळला तर वेल कोसळतो, फार उशिरा विरघळला तर जागा अडवून बसतो. भोकंही हवीत, रक्तवाहिनी शिरेल एवढी मोठी आणि एकमेकींना जोडलेली. टायटॅनियम मात्र विरघळतच नाही, त्याची तऱ्हा वेगळी. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे डॉक्टर १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवून मज्जेतलं रक्ताभिसरण बघत होते. प्रयोग संपला, नळी काढायला गेले, तर निघेना. हाडानं तिला आपली मानून घट्ट धरलं होतं. दुसरा कुणी ती निसटत नाही म्हणून वैतागला असता. त्यांनी तेरा वर्षं काम करून १९६५ मध्ये गोटेनबर्गला एका माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसवले, आणि ते चाळीस वर्षांवर, त्या माणसाच्या शेवटापर्यंत टिकले. १९६५! युरिस्टांचा निबंधही त्याच वर्षीचा. एकाच वर्षात पृथ्वीच्या दोन टोकांना माझ्या दाढेची तयारी चालली होती.

१९८८ मध्ये वॉझ्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ह्या प्रथिनांची जनुकं सापडली. हाडात हे प्रथिन इतकं कणभर असतं की किलो-किलो हाडं दळून हाती काही मायक्रोग्रॅम लागायचं. जनुक मिळाल्यावर ते प्रयोगशाळेत पेशींकडून करून घेता येऊ लागलं. जनुकं हाती आली आणि एक गोष्ट उघड झाली, जी भाचीनं सांगितली तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. फळांवर बसते ना ती चिलटाएवढी माशी, ड्रोसोफिला, तिच्यात ह्या प्रथिनाची बहीण आहे. माशीला हाडच नसतं! तिच्यात ते प्रथिन पाठ कुठली आणि पोट कुठलं हे ठरवतं. संपत आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये माशीचं ते प्रथिन उंदराच्या कातडीखाली ठेवलं, आणि तिथं हाड झालं. माशीच्या निरोपानं उंदरात हाड! कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या घराण्यांत अजून तीच अक्षरं चालतात. ऐकणाऱ्याला जे ठाऊक आहे त्याप्रमाणे तो अर्थ लावतो. माशीची पेशी पाठ करते, आपली पेशी हाड करते. भाषा शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला ह्याहून सुंदर काय सांगणार कुणी?

रेड्डी तर म्हणू लागले की ह्यांना नुसती हाडाची नको, शरीराला आकार देणारी प्रथिनं म्हणावं. गालापागोस बेटांवरच्या डार्विनच्या फिंच पक्ष्यांमध्ये ज्यांची चोच जाड, त्यांच्या अंड्यातल्या पिलाच्या चोचीत बीएमपी-४ लवकर आणि जास्त असतं, हेही २००४ मध्ये दिसलं.

औषध म्हणून ते प्रथिन अमेरिकेत २००२ मध्ये मंजूर झालं, कमरेचे मणके जोडायला. कोलॅजनचा स्पंज बीएमपी-२ च्या पाण्यात भिजवायचा आणि टायटॅनियमच्या पिंजऱ्यात भरून दोन मणक्यांच्या मधे ठेवायचा. २००४ मध्ये नडगीच्या उघड्या अस्थिभंगासाठी आणि २००७ मध्ये जबड्यासाठीही परवानगी मिळाली. तोवर रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून तुकडा काढून भरत असत, आणि किती जणांना मूळ दुखण्यापेक्षा ती कंबरच जास्त दिवस दुखायची. तेव्हा केवढा आनंद झाला असेल!

पण शरीरात जिथं कणाच्या कणाचा कण पुरतो, तिथं स्पंजात मिलिग्रॅमनी ओतावं लागत होतं, कारण स्पंज ते पटकन सोडून देतो. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. मानेच्या मणक्यांत वापरलं तर गळ्याला जीवघेणी सूज येत होती. नको तिथं हाड वाढल्याच्याही नोंदी झाल्या. २०१३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी सगळी माहिती पुन्हा तपासली, तेव्हा मणक्यांच्या बाबतीत ते स्वतःच्या हाडाच्या तुकड्यापेक्षा ठळकपणे सरस असल्याचं दिसलं नाही. हे वाचून माझा उत्साह मावळला का? मुळीच नाही. उलट तो निरोप केवढा जोरकस आहे हे मला तिथं कळलं. ज्या शब्दानं मांसाचं हाड होतं तो कुजबुजीत सांगायचा शब्द आहे, कर्णा लावून नव्हे. म्हणूनच आता सगळी मेहनत प्रथिन हळूहळू, थेंबाथेंबानं सोडणाऱ्या साच्यांवर चालली आहे, आणि ती मला फार योग्य दिशा वाटते.

कर्णा कधीच बंद झाला नाही तर काय होतं, हेही वाचलं आणि फार हलले. एफओपी नावाचा अतिशय दुर्मीळ आजार आहे, साधारण वीस लाखांत एकाला होणारा. त्यात स्नायू, स्नायुबंध हळूहळू हाडाचे होत जातात. साधं पडण्यानं, सुई टोचण्यानंसुद्धा नवं हाड धरतं आणि माणूस स्वतःच्या दुसऱ्या सांगाड्यात कोंडला जातो. २००६ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या आयलीन शोर आणि फ्रेडरिक कॅप्लन यांच्या गटानं त्याचं मूळ शोधलं. बीएमपीचा निरोप ऐकणाऱ्या ग्राहकात, एसीव्हीआर१ नावाच्या जनुकात, एका अक्षराचा बदल. एक अक्षर! ऱ्हस्वाचं दीर्घ व्हावं एवढा फरक. त्या मुलांचा विचार करत मी बराच वेळ गॅलरीत उभी होते.

आपल्याकडेही मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी आहे. लोकांनी दान केलेलं हाड तिथं स्वच्छ करून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात आणि गरजूला देतात. रक्तदान, नेत्रदान आपण बोलतो, हाडाचं दानही असतं हे मला ठाऊकच नव्हतं. आता मी ते दर हळदीकुंकवाला सांगणार आहे.

आणि आता ती रात्रभर जागं ठेवणारी गोष्ट. माझ्या दाण्यांत बीएमपी नव्हतंच. रक्ताच्या पापुद्र्यातली प्रथिनं वेगळी. ती पेशींना बोलावतात, रक्तवाहिन्यांना वाट दाखवतात, हिरडी छान भरून आणतात. पण 'हाड व्हा' म्हणणारं विरजण त्यांच्यात जवळजवळ नाही, आणि पापुद्र्यामुळे हाड किती जास्त भरतं ह्याचे निष्कर्ष सगळीकडे सारखे नाहीत. डॉक्टरांनीही मला तसं स्पष्ट सांगितलं. मग विरजण आलं कुठून? खड्ड्याच्या भिंतीतून! माझ्याच जबड्याच्या हाडात ते कोलॅजनच्या धाग्यांत साठलेलं होतं. हाड खाणाऱ्या पेशी भिंतीचा पृष्ठभाग कुरतडतात, तेव्हा साठलेलं विरजण सुटतं आणि हाड घालणाऱ्या पेशी कामाला लागतात. म्हणून तर त्यानं भिंती रक्त येईपर्यंत खरवडल्या होत्या. आई दह्याचं भांडं न घासता त्यातच दूध ओतायची. "कडेला लागलंय तेवढं पुरे," म्हणायची. अगदी तसंच. माझ्या भांड्याच्या कडेला दही लागलेलं होतं.

पाच महिने थांबायचं होतं. रोज सकाळी दात घासताना जिभेचं टोक त्या जागी नेऊन बघायची. आधी खळगा लागायचा, मग मऊ उंचवटा, मग एके दिवशी लक्षात आलं की तिथं जीभ नेली तरी खाली काहीतरी टणक आहे. एक्स-रेत पहिल्या महिन्यात दाणे वेगवेगळे मोजता येत होते, वाळूत पसरलेल्या मोहरीसारखे. पाचव्या महिन्यात ते जवळजवळ दिसेनासे झाले आणि त्यांच्या जागी जाळीजाळीची बारीक नक्षी आली. बाजूच्या हाडाची नक्षी आणि ही नक्षी एकच. जोड कुठे ते मला दाखवता येईना. डॉक्टरांनाही येईना.

काल स्क्रू बसवला. भूल दिली होती, दुखलं काहीच नाही, पण ड्रिल आत जाताना आवाज हाडातून थेट कानात येतो. सुरुवातीला घोगरा, मग चढा, घट्ट. डॉक्टर थांबले. म्हणाले, "बाई, चांगला कडक लागतोय." मी हातानं खूण केली, दाखव. त्यांनी ड्रिल बाहेर काढून माझ्या डोळ्यांसमोर धरलं. त्याच्या पिळाच्या खाचांत भुसा अडकला होता. पाच महिन्यांपूर्वी कुपीतून पडताना बघितले ते दाणे पांढरेशुभ्र, कोरडे होते. हा भुसा गुलाबी होता, ओला, रक्तानं भिजलेला.

सहायक मुलगी तो पुसायला गॉज घेऊन पुढे आली, तर त्यानं तिला थांबवलं. "तो टाकायचा नाही," म्हणाला. चिमट्यानं खाचेतला कण न् कण काढून त्यानं छोट्या वाटीत जमवला, वर मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाकले, आणि स्क्रू पिळून बसवल्यावर त्याच्या कडेनं तो सगळा भुसा पुन्हा आत लावून टाकला.